सिग्नलबाबांची चार नळकांडी

मी एकदा चिंच आणि राख लावून वायरलेसचा रिपीटर घासला होता. भांडी घासतात तसा. पदर खोचून, उकिडवी बसून. घासून लख्ख केला, वरचे दांडे एका पातळीत आणले आणि चार पावलं मागं सरून स्वतःच्या कामाकडं कौतुकानं बघत उभी राहिले. एका माणसाचं पाच महिन्यांचं काम मी पाऊण तासात धुऊन काढलं होतं, आणि मला वाटत होतं आता शाबासकी मिळणार. तेव्हा मी वीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते, आणि शाळेत टापटिपीबद्दल गृहशास्त्राच्या बाईंनी मला स्टीलची वाटी बक्षीस दिली होती. एवढे गुण एका सुनेत जमले की घरानं सावध राहावं.

तो एक माणूस म्हणजे माझे सासरे. अख्खं आसेगाव त्यांना सिग्नलबाबा म्हणायचं. फौजेत वायरलेसवर होते. पेन्शन घेऊन गावी आले ते वायरलेसचं वेड सोबत घेऊनच. घरामागं उंच बांबू, बांबूवर तारा आणि माळ्यावर यंत्रं. चोरून काही नव्हतं, हौशी माणसाला सरकार देतं तो परवाना त्यांच्याकडं होता. दिल्लीचा शिक्का असलेला तो कागद त्यांनी फ्रेम करून ओसरीत टांगला होता, आमच्या लग्नाच्या फोटोच्या वर. सत्तरचं दशक ते. वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडत होतो, आणि गावात टेलिफोन एकच, तोही पावसाळ्यात मुका.

सिग्नलबाबांशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तुमचं बोलणं संपलं तरी ते लगेच उत्तर देत नसत. मनात एक, दोन मोजत आणि मग तोंड उघडत. वायरलेसवर समोरच्यानं बटण सोडल्याशिवाय आपण बोलायचं नसतं, आणि बोलण्याआधी थोडी फट ठेवायची असते. मध्येच कोणा तिसऱ्याला काही तातडीचं सांगायचं असेल तर त्याला शिरता यावं म्हणून. ती फट ते घरातही ठेवत, बाजारातही ठेवत. मंगरूळपीरच्या बाजारात बैलाचा भाव ऐकून ते गप्प राहिले की व्यापाऱ्याला वाटे बुढा निघून चालला. तो आपणच भाव उतरवी. लग्न होऊन घरात आल्यावर मी वाकून ‘जयभीम मामाजी’ म्हटलं, तर हे गप्प. मी घाबरले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी माझे मॅट्रिकचे मार्क सांगायला लागले. गणित, शास्त्र, हिंदी. चित्रकलेपर्यंत पोचले तेव्हा ते म्हणाले, “जयभीम. बस, पानी पी.”

माझ्या सासूबाई मात्र सदा बटण दाबलेलं माणूस. त्या फट ठेवत नसत, त्यामुळं या नवरा-बायकोचं भांडण कधी धड रंगलंच नाही. त्या बोलत, ते मोजत, सासऱ्यांचे दोन पुरे व्हायच्या आत सासूबाईंचं पुढचं सुरू. एकदा मी धीर करून विचारलं, “मामाजी, तुमी आत्याले उलटून काहून बोलत नाही?” ते म्हणाले, “चॅनल खाली सापडला तं बोलीन ना.”

लोकांनी त्यांना बाबा म्हटलं आणि त्यातून व्हायचं तेच झालं. एक दिवस मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली, बांबूपुढं नारळ ठेवला आणि हात जोडून उभी राहिली. लेकराला ताप होता. आमचं घर बौद्ध; छप्पन सालापासून आमच्या अंगणात नारळ फुटला नव्हता. सासूबाई धावत बाहेर आल्या. सिग्नलबाबा माळ्यावरून उतरले, बाईचं सगळं ऐकून घेतलं, एक-दोन मोजले आणि म्हणाले, “बाई, हा खांब हाये. तापाले डॉक्टर लागते.” मग वर जाऊन त्यांनी मानोऱ्याच्या डॉक्टरांना गाठलं. हे डॉक्टर फौजेतले त्यांचे जुने दोस्त, मानोऱ्यात दवाखाना चालवायचे आणि त्यांनाही हाच वायरलेसचा नाद. आवाज नीट पोचत नसे म्हणून दोघं कट्ट-कडकट्टच्या खुणांनी बोलत. डॉक्टरांनी काय द्यायचं ते सांगितलं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं लेकराला घेऊन ये म्हणाले. नारळ सिग्नलबाबांनी फोडून तिच्याच हातावर ठेवला. “रस्त्यानं खाजो,” म्हणाले.

पण ते कट्ट-कडकट्ट त्यांच्या मनाला पटत नव्हतं. दर पावसाळ्यात तारा तुटायच्या, नाले रस्त्यावरून वाहायचे आणि मानोरा जगापासून तुटून जायचं. अशा वेळी डॉक्टरांनी सायकलला छोटा सेट बांधून तांड्यावरून नुसतं तोंडानं बोलावं आणि ते आसेगावात, वाशीमात ऐकू यावं, एवढं त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी निवडला सहा मीटरचा पट्टा, कारण नागपूरच्या भंगारात फौजेचे जुने सेट मिळाले ते त्याच्यातले. मी विचारलं, सहा मीटर म्हणजे काय? म्हणाले, “लाट. बैल जुपलेल्या गाडीएवढी लांब. थे नाकासमोर जाते. आडवी टेकडी आली का थांबली. मंग टेकडीवर एक गडी ठेवा लागते, इकडचं आयकून तिकडं सांगाले. त्याले रिपीटर मंतात.”

“गडी कायले?” सासूबाई चुलीपासून म्हणाल्या. “मी जातो ना टेकडीवर. माहा आवाज जाते मानोऱ्यापरेंत.”

एक. दोन. “गडी आयकलं तेवढंच सांगनारा पायजे.”

“अन् मी नसती, तं गावात काय चालू राह्यलं थे तुमाले कोन सांगितलं असतं? थो गडी?”

तो गडी आमच्या वावराच्या वरच्या टेकडीवर, टिनाच्या खोपीत राहायला गेला. ट्रकच्या दोन बॅटऱ्या, दोन जुने सेट, खोपीवर उंच एरियल. अडचण एकच होती. एकाच एरियलवर ऐकायचं आणि त्याच वेळी बोलायचं. आपल्याच आवाजानं आपलेच कान बधिर होणार. त्यावर उपाय म्हणजे तांब्याच्या पत्र्याची चार नळकांडी, माझ्या छातीला लागतील एवढी उंच, पोकळ, वरून झाकण आणि झाकणातून बाहेर आलेला एक-एक दांडा. दोन नळकांडी ऐकण्याची, दोन बोलण्याची. तांबटानं ती करताना विचारलं होतं, “बाबा, येवढे उंच बंब कोनाच्या आंघोळीले?” दांडा केसभर वर-खाली केला की नळकांड्याचा सूर बदलायचा. सिग्नलबाबा दांडा जरासा हलवायचे, मीटरचा काटा बघायचे, पुन्हा हलवायचे. कापूस वेचायला लागल्यापासून हे चाललं ते थेट चैत्रापर्यंत. चारही दांडे जागेवर बसले तेव्हा त्यांनी वरचे नट घट्ट आवळले आणि घरात सगळ्यांना सांगितलं, त्याला कोणी हात लावायचा नाही.

मलाही सांगितलं होतं. मी समजले, पोरासोरांना म्हणतायत.

वैशाखात पत्र आलं. नागपूरहून वायरलेसचे साहेब तपासणीला येणार. परवानगी प्रयोगापुरती मिळाली होती, तीही तीन वर्षं कागद फिरवून. साहेबांसमोर रिपीटर चालला तर कायमची सही, नाही तर उतरवून ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. सिग्नलबाबांनी पत्र दोनदा वाचलं. “पुन्ना तीन वर्सं,” ते म्हणाले, “माह्याजवळ हायेत का नाहीत, कोनाले ठाव. मिरगाच्या आंदी चालू झालं पायजे.” डॉक्टरांना त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून सेटपुढं बसायला सांगितलं.

त्या सकाळी ते साहेबांना घ्यायला एस.टी. स्टँडवर गेले. सासूबाईंनी पातोडीचा रस्सा चढवला आणि मला म्हणाल्या, “जाय, खोपी झाडून ये. साहेब बसन तिथं.” मी गेले, झाडलं, सडा टाकला. आणि मग माझी नजर त्या नळकांड्यांवर गेली. काळी पडलेली, हिरवट डाग, त्यावर पाच महिन्यांचे बोटांचे ठसे. नागपूरचे साहेब येणार आणि तांब्याची ही दशा! पाहुणा येणार म्हटल्यावर घरातलं तांबं-पितळ घासत नाही ती सून कसली? चिंच आणि राख आणायला मी टेकडी उतरून घरी गेले आणि पुन्हा चढून आले. म्हणजे विचार करायला मला भरपूर वेळ होता, हे कबूल करते.

नुसतं बाहेरून घासून थांबले असते तरी निभावलं असतं. पण दांडे! दोन उंच, दोन बुटके. कोणी घाईत कसेही खोचून ठेवल्यासारखे. पक्कड तिथंच पडलेली. नट इतके घट्ट होते की मला वाटलं, गंजलेत. मी ते सोडवले, दांड्यांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या त्या पुसून काढल्या आणि बोटं लावून मोजमाप घेतलं. पहिला झाकणाच्या वर सहा बोटं, दुसरा सहाला नखभर कमी, तिसरा चार, चौथा चारला नखभर जास्त. सहा आणि चार यांचा मध्य पाच. मी चारही दांडे पाच बोटांवर आणले. मध्यम मार्ग. आम्ही बौद्ध.

साहेब खोपीत शिरले ते टाळ्याच वाजवत. “वाह! क्या चमका के रखा है! मैं तो समझा बर्तन की दुकान में आ गया।” मी पदराआडून हसले. त्यांच्या मागं सिग्नलबाबा आले आणि दारातच थांबले. त्यांनी नळकांड्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मनात मोजायला लागले, आता शाबासकी येते. एक, दोन, तीन, चार. दहापर्यंत मोजलं. काहीच आलं नाही.

साहेबांनी घड्याळ काढलं. त्यांची परतीची गाडी चारची होती. सिग्नलबाबांनी माईक उचलून डॉक्टरांना हाक दिली. मानोऱ्याहून डॉक्टरांनी बटण दाबलं, त्यांचा आवाज एक शब्दभर आला आणि तुटला. पुन्हा एक शब्द, पुन्हा खरखर. रिपीटर बोलायला लागला रे लागला की त्याच क्षणी बहिरा होत होता. पाचदा तसंच झालं. सिग्नलबाबांनी बॅटरी बघितली, तारा बघितल्या. दांड्यांकडं त्यांनी बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती.

साहेब माणूस भला होता. पेन काढता काढता तेच म्हणाले, “बाबा, गर्मी से हिल गया होगा।”

एक, दोन. “हो साहेब,” सिग्नलबाबा म्हणाले. “माह्याच हातून नट ढिल्ला राह्यला असन.”

पाच महिने ज्याचा हात केसभर चुकला नव्हता तो माणूस हे म्हणत होता. साहेबांनी कागद मांडीवर घेतला. आता मला कोणी काही विचारणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर दोष उन्हाला गेला असता, नटाला गेला असता, आणि माझी स्टीलची वाटी शाबूत राहिली असती. खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मी तोही हिशोब केला. मग सिग्नलबाबांनी सेटचं बटण बंद करायला हात नेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मामाजी, मी घासलं. दांडेबी मीच सारखे केले.”

साहेबांचं पेन थांबलं. सासऱ्यांसमोर, परक्या माणसासमोर मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. पण सुरू झाल्यावर थांबणं मला कुठं जमतंय. “पयला सहा बोटं होता, दुसरा सहाले नखभर कमी. तिसरा चार. चौथा चार अन् वर नखभर.”

त्या दिवशी पहिल्यांदाच सिग्नलबाबांनी एक-दोन न मोजता विचारलं, “कोनाची बोटं? तुही का दुसऱ्या कोनाची?”

“माही.”

“ये इकडं.”

मी एकेका दांड्याला बोटं लावून उभी राहिले आणि ते त्या मापानं दांडा बसवत गेले. बोटांचं माप म्हणजे अंदाजच. केसाचं काम अजून बाकी होतं. पण पाच महिने ज्या जंगलात ते फिरले होते, त्यातल्या नेमक्या झाडापाशी माझ्या बोटांनी त्यांना परत नेऊन सोडलं होतं. आता डॉक्टरांनी तिकडून सारखं बोलत राहायला हवं होतं. काय बोलणार? सिग्नलबाबांनी माईकवर सांगितलं, “डॉक्टर, पाढे मना.” आणि मानोऱ्याचे ते टक्कल पडलेले, चष्मेवाले डॉक्टर बेचा पाढा म्हणायला लागले. साहेबांनी कोट काढून ठेवला, मीटर हातात धरला आणि काटा वाचायला लागले. “थोड़ा और बाबा। बस बस। पीछे।”

अकराच्या पाढ्याला तुकडे ऐकू यायला लागले. सतराला अर्धी ओळ. चारची गाडी खाली रस्त्यावर हॉर्न वाजवून निघून गेली, साहेबांनी मान वर केली नाही. एकोणतीसच्या पाढ्याला चौथा दांडा बसला, आणि खोपीत डॉक्टरांचा आवाज असा आला की जणू दाराशीच उभे आहेत: “एकोणतीस साते एकशे त्र्याण्णव!”

“दोनशे तीन!” मी ओरडले. मॅट्रिक पास ना.

सिग्नलबाबांनी माईक माझ्यापुढं धरला आणि बटण दाबलं. मी पुन्हा म्हटलं, दोनशे तीन. त्यांनी बटण सोडलं. पलीकडून स्वच्छ, खणखणीत आवाज आला: “बाबा, हे कोन हो? मास्तरीन बसवली काय तिथं?”

साहेब हसत हसत खाली बसले आणि त्यांनी सही केली. मग घरी येऊन पातोडीचा रस्सा तीनदा मागून घेतला. सासूबाईंना झाल्या प्रकाराचा वास लागलाच. रस्सा वाढता वाढता त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, “साहेब, आमची सून लय शिकेल हाये. म्हशीले हात लावू देत नाही मी तिले, दूध आटन म्हशीचं.”

त्या पावसाळ्यात मानोऱ्याचा रस्ता बंद झाला तेव्हा टेकडीवरचा गडी जागेवर होता. डॉक्टर तांड्यावरून बोलले, औषधांची यादी आसेगावात उतरली, वाशीमहून खोकी निघाली आणि नाल्याच्या अलीकडून पलीकडं पोचली. यादी उतरवून घेणारी मी होते. पुढं सिग्नलबाबांनी मला वायरलेसच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलं. पहिल्यांदा नापास झाले, मॅट्रिकची मस्ती तिथं उतरली. दुसऱ्यांदा पास झाले. एरवी खरं सांगायचं तर त्या रिपीटरवरून बहुतेक वेळ दोन म्हातारे वांग्याची भाजी आणि गुडघेदुखी यावरच बोलत. पण बोलण्याआधी एक-दोन मोजत, न चुकता.

सिग्नलबाबा गेले तेव्हा मानोऱ्याहून डॉक्टर आले होते. खोपी पुढं वादळात पडली, परवान्याची मुदतही सरली. नळकांडी मी घरी आणली. माझ्या माडीवर उभी आहेत, काळीकुट्ट. दिवाळीला माझी सून त्यांच्याकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते. मी मान हलवून नाही म्हणते. तिला कारण माहीत नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

सहीच्या त्या दिवशी साहेबांना संध्याकाळच्या गाडीत बसवून सिग्नलबाबा आणि मी घराकडं चालत निघालो. ते पुढं, मी चार पावलं मागं, पदर नाकापर्यंत. घर दिसायला लागलं. शेवटी मी म्हटलं, “मामाजी, चुकलं माहं. तुमी सांगतलं होतं तरी हात लावला.” ते थांबले. मागं वळून आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि हळूच म्हणाले:

“खरं सांगू काय सूनबाई, पत्र आलं तवापासून मलेबी वाटून राह्यलं होतं, साहेब येनार, एक डाव चिंच मारून घ्याव. माही हिंमत नाही झाली. पन नळकांडे दिसून मातर लय नामी राह्यले होते.”